शेळकेबाईंचं आजोळ

शाहूपुरीत माझं छपाईचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स हे नेहमीचं. हल्ली त्यात वंशावळींची भर पडली आहे. घराच्या भिंतीवर आपल्या सगळ्या पिढ्यांचं झाड लावायची हौस लोकांना आली आहे. असं कुणी झाड घेऊन आलं, की मी पहिल्यांदा विचारायचो, "शेळकेबाईंना दाखवलंय का?" नाही म्हणाला तर त्याला समोरच्या गल्लीत पाठवायचो. तिकडून तो परत यायचा तेव्हा त्याचं झाड अर्धं तरी खोडलेलं असायचं आणि चेहरा उतरलेला असायचा. पण काही दिवसांनी तोच माणूस दुप्पट मोठं झाड घेऊन हसत यायचा. माझा धंदा बाईंनी वाढवला, हे मी त्या असताना कधी बोललो नाही, कारण त्यांनी लगेच छपाईत सूट मागितली असती.

इंदुमती शेळके प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा, की त्या चौथीला शिकवायच्या तेव्हा शेजारच्या तिसरीचाही अभ्यास व्हायचा. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत. घंटा झाली की अस्सल कोल्हापुरी. "मी आलो, मी जेवलो, मी जातो," असं आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच. पुण्याकडची एक सून त्यांना एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही शिक्षिका असून पुरुषासारखं कसं बोलता?" बाई म्हणाल्या, "तुझ्यासारखं बोलायला मला सहावारीतनं पाचवारीत याया लागंल, आन माझ्या उंचीला पाचवारी पुरत न्हाई. बस, चहा घे."

यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत, दरबार भरायचा. आपलं मूळ शोधायला निघालेली माणसं तिथं चपला काढून बसायची. बाई मधे एक परात ठेवायच्या. त्यात शेंगदाणे आणि गुळाचे खडे. शेंगदाणा म्हणजे पुरुष, गुळाचा खडा म्हणजे बाई. समोरचा माणूस सांगेल तशी परातीत पिढी मांडली जायची. बहुतेकांच्या परातीत शेंगदाणेच शेंगदाणे. मग बाई परात त्याच्याकडं सरकवून म्हणायच्या, "ह्ये सगळं नुसत्या दाण्यातनं उगवलं व्हय रं? गूळ कुठाय?" बोलता बोलता त्यांचा हात परातीत जायचा आणि कुणाचा तरी चुलत पणजोबा तोंडात पडायचा. आठवण करून दिली तर म्हणायच्या, "असूं दे, तसाबी तो निपुत्रिकच हुता."

त्यांचं शास्त्र साधं होतं. सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पायरी मागं जायचं. आधी घरातली म्हातारी माणसं, मग भावकीतली, मग शाळेतलं जुनं रजिस्टर, मग तलाठ्याकडचे फेरफार, आणि मोडी वाचणारा भेटला तर त्याच्यापुढचं. हा क्रम कुणी उलटा केला की बाई चिडायच्या. "कागूद कुठं पळून जात न्हाई. कपाटात पडून ऱ्हातोय. म्हातारी मानसं मात्र जात्यात. आधी त्यास्नी गाठा." आणि म्हाताऱ्यांना नावं विचारायची नाहीत, ही दुसरी ताकीद. नाव विचारलं की म्हातारं माणूस घाबरतं, आठवत नाही म्हणतं. त्याला विचारायचं लग्नात देवक कशाचं, जत्रेला नैवेद्य कुणाला, घरात काय खायचं नाही, पहिली अक्षत कुठं ठेवतात. ह्या गोष्टी माणसं विसरत नाहीत, आणि गाव विसरलं तरी गावचा देव सांभाळतात.

पुण्याहून एकदा एक इंजिनियर पोरगा आला. लॅपटॉप उघडून त्यानं झाड दाखवलं. टोकाला एक सरदार, घोड्यावर. तिथून खाली येताना मधल्या दोन पिढ्या रिकाम्या आणि मग एकदम त्याचे आजोबा. बाईंनी चष्मा पुसून ते सगळं शांतपणे बघितलं.

"तुझ्या आईच्या आईचं नाव काय?"

"आजी," पोरगा म्हणाला.

"आज्जी ह्ये नाव हाय व्हय? ह्या घोड्यावरच्या मानसाचं नाव पाठ हाय, आन जिनं तुला न्हाऊमाखू घातलं तिचं न्हाई. हाय का ती?"

"आहे. गारगोटीला असते."

"मग हितं काय करालाईस? लाव फोन."

पोरानं तिथंच फोन लावला. आजीला वाटलं नातवाला काहीतरी झालं, आधी ती रडली. मग बाईंनी फोन हातात घेऊन तिला लग्नातलं देवक विचारलं, आणि म्हातारी अशी काही सुटली की आम्हा सगळ्यांचा चहा निवून गेला. सरदार काही त्यांच्या घरात निघाला नाही. पणजोबा एका जहागीरदाराच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे, एवढं कळलं. पोरगा हिरमुसला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "घोडा तरी खरा निघाला की. लिही."

दुसरा एक कबनूरचा, यंत्रमागावर काम करणारा. आजोबा मागाच्या कामाला म्हणून कबनूरला आले आणि तिथलेच झाले. मूळ गाव कुणालाच ठाऊक नाही. पोरीचं लग्न ठरलेलं, कुलदैवत कुठलं हे व्याह्यांनी विचारलं आणि घरात सगळे एकमेकांकडं बघत बसले. बाईंनी त्याला घरी पाठवून आईला घेऊन यायला सांगितलं. म्हातारीला विचारलं, "पैली अक्षत कुनाला ठेवता?" ती म्हणाली, "पिराला. माळावरच्या, चिंचंखालच्या पिराला." ठेवायची कबनूरमधेच, एका दगडाशी, पण नाव त्या पिराचं. बाईंनी ओळखीच्या मुजावरांना विचारत विचारत तो माळ आणि ती चिंच शोधून काढली. तिथल्या मुजावरांनी यांचं आडनाव ऐकताच सांगितलं, "तुमची भावकी की! दर उरसाला मलिदा घेऊन येत्यात. तुमी कुठं हुतासा इतकी वर्सं?" लग्नाला ती सगळी भावकी आली, आणि मुजावरही आले. बाई पंगतीत त्यांच्या शेजारी बसून जेवल्या.

अशा या बाईंनी स्वतःच्या घराचं झाड कधी मांडलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसंच. त्याला निमित्त झाले त्यांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा गावी असत, गारगोटीच्या पलीकडं, ऊस आणि म्हशी सांभाळून. त्यांच्या गावात हेळवी आला होता. हे लोक बैल घेऊन कर्नाटकातून येतात आणि ज्या त्या घराच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यानं आबांच्या दारात बसून सात पिढ्या म्हटल्या, आबांनी त्या मोबाईलवर टिपल्या, आणि जत्रेआधी फ्लेक्स पाहिजे म्हणून माझ्या दुकानात आले. बाई बातमी लागताच समोरच्या गल्लीतून आल्याच.

"ह्यात बायका कुठं हायत?"

"हेळव्यानं न्हाई सांगितल्या. तू आन की नावं, मी घालतो," आबा म्हणाले. त्यांना वाटलं संकट टळलं.

बाईंनी तिथंच, माझ्या काउंटरवर, पेन उघडलं. पहिलं नाव आईचं. आई गेली तेव्हा बाई तीन वर्षांच्या, आबा तर पाळण्यात. आईचं नाव सरस्वती. पण ते सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं. त्याच्या आधीचं? बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं.

"आबा, आईला तिच्या आईनं काय हाक मारली असंल रं?"

"मला काय ठावं? मला तर तिचं तोंडबी ठावं न्हाई."

बाईंनी पेन बंद केलं. "ह्ये कळाल्याबिगर छापू नगंस," असं मला सांगून त्या निघाल्या. मग दारातून परत वळल्या आणि, माझ्याकडं की आबांकडं कळलं नाही, म्हणाल्या, "मला तिचा आवाज आठवत न्हाई, रूप आठवत न्हाई. एक नाव तरी पायजे मला. मी मरायच्या आधी पायजे."

काम अवघड वाटत नव्हतं. आजोळ आंबेवाडीला, जवळच. मामा गेले असले तरी मामी होत्या. त्या रविवारी मी माझ्या जुन्या व्हॅनमधून बाईंना आंबेवाडीला नेलं. बाई वाटेत खुशीत होत्या. मामांनी खांद्यावर बसवून जत्रेला कसं नेलं, लग्नात साडीचोळी करताना मामा कसे रडले, एकेक सांगत होत्या. त्यांचं सगळं लहानपण दिवाळीला आंबेवाडीत गेलेलं.

मामी अंगणात तुरी पाखडत बसल्या होत्या. बाईंनी पाया पडून, गुळाचा चहा पिऊन, स्वतःचे सगळे नियम मोडून थेट विचारलं, "मामी, माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय हुतं गं?"

मामींनी सूप खाली ठेवलं. "लग्नाआधी आमी तिला कुठं बघितलं हुतं?"

बाईंना वाटलं म्हातारी भ्रमली. "अगं, तुमच्याच घरातली लेक की ती. मामाची भन."

"मामाची भन हौसा," मामी म्हणाल्या. "ती तुझ्या बाची पैली बायकू. पैल्या बाळंतपणात गेली, लेकरू बी गेलं. वरसानं तुझ्या बानं दुसरं लगीन केलं, ती तुझी आई. हौसाचा चांदीचा टाक गळ्यात घालून पैल्या दिवाळीला ती हितं आली, तवा सासूबाई म्हनल्या, लेक गेली आन लेक आली. तवापास्नं ती आमचीच."

मला हा रिवाज ऐकून माहीत होता. दुसरी बायको गळ्यात सवतीचा टाक घालते, आणि सवतीच्या माहेरची मंडळी तिला आपली लेक मानतात. पण तो रिवाज पाळता पाळता एका घरानं दोन पोरांना सबंध आजोळ दिलं, आणि ते आपलं रक्ताचं नाही हे कुणालाच सांगावंसं वाटलं नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. लोकांना त्या पहिला प्रश्न आजोळचा विचारत. स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण तो माहीतच होता.

"तुमच्या देवाऱ्यात तो टाक हाय न्हवं अजून?" मामींनी विचारलं. "ती आमची हौसा."

"आमी देवी म्हनून पुजतोय तिला," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कुनी कसं सांगितलं न्हाई मला?"

"सांगायचं काय त्यात? तुझी आई गेल्यावर तिच्या माहेरची मानसं आली, रडून गेली. कानडी मुलखातली. भाषा येगळी, वाट लांबची, परत कोन आलं न्हाई. आन तुम्हा पोरास्नी आजोळ नगं? मग आमीच झालो." मामींनी पदरानं डोळे पुसले. "आता तुला कळालं. आता तू कशाला येतीस हितं परत?"

बाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "मामी, भात टाक. जेवून जातो," म्हणाल्या. आणि त्या धक्क्यातही त्यांच्यातली शोध घेणारी बाई जागी होती. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "माझ्या आईची सोयरीक कुनी जमवली?"

"गडहिंग्लजच्या मणेरानं. बांगड्या भराया यायचा त्यो."

परतीच्या वाटेवर बाई एकदाच बोलल्या. "प्रकाश, माझी आई चुलीपुढं एकटीच कानडीत बोलायची म्हनं. मामी म्हनाली मगाशी. घरात तिचं बोलनं कळनारं कोन नव्हतं रं." मी गाडी चालवत राहिलो.

त्यानंतर दरबार बंद झाला. लोक यायचे, बाई दारातूनच परत पाठवायच्या. दुकानात यायच्या त्या फक्त फ्लेक्स थांबवलाय ना ते बघायला. आबांचे फोन यायचे, जत्रा तोंडावर आली म्हणून. एकदा ते वैतागून मला म्हणाले, "ताईला सांग, सरस्वती लिवूया. देवीचंच नाव हाय, वंगाळ काय त्यात?" मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला म्हनावं, तुझ्या म्हशीचं बी नाव तू ठेवलंस. ते तिच्या आईनं न्हाई ठेवलं."

मग एका रविवारी मी बाईंना गडहिंग्लजला नेलं, आणि विचारत विचारत मणेरांचं बांगड्यांचं दुकान निघालं. गल्ल्यावर सलीमभाई, त्या जुन्या मणेरांचे नातू. त्यांनी "या पावणं, बसा," म्हणून स्टुलं दिली. बाईंनी हकिकत सांगितली. सलीमभाईंच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या दादांची, म्हंजे आजोबांची, फेरी सीमंच्या गावातनं असायची. बांगड्या भरता भरता सोयरिकी जमवायचे. म्हनायचे, बाईचा हात हातात आला की त्या घरचं सगळं कळतं. चुडा ठिसूळ निघाला तर पैसे परत, सोयरीक ठिसूळ निघाली तर माझी जबाबदारी." त्यांनी हिरव्या बांगड्यांची पेटी पुढं ओढली. "तुमच्या गारगोटीच्या बाजूला, भुदरगडाकडं, दादांनी होसूरच्या पोरी दिल्त्या, येवढं आमची आई सांगायची. तिथं विचारा. आन आक्का, हात द्या जरा."

बाई नको नको म्हणत असताना सलीमभाईंनी त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. यजमान गेल्यापासून बाईंच्या हातात बांगडी नव्हती. सलीमभाई पैसे घेईनात. "माहेराला मोकळ्या हातानं जाऊ नये," एवढंच म्हणाले.

होसूर हद्दीला लागून. अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक, आणि गावात दुकानाच्या पाट्या दोन्ही भाषांत. पूर्वी भुदरगडाकडं लेक दिलेलं घर कुठलं असं विचारल्यावर किराणा दुकानदारानं आम्हाला देवळामागच्या एका घराकडं पाठवलं. दारात एक सून भांडी घासत होती. मोडकंतोडकं मराठी बोलायची. भुदरगडाकडं दिलेली, लवकर गेलेली ह्या घरची कुणी लेक होती का, असं बाईंनी विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मोट्टी आई हाय आत. तिला डोळं न्हाई. नवरा मेला तवापासनं हितंच, भावाच्या घरात. तिची एक भन व्हती, ल्हान. तिलाच हाक मारती सारकी. इचारा, पन कळनार न्हाई तिला. मराटी येत न्हाई."

मागच्या पडवीत उन्हाला पोतं टाकून एक अगदी लहानशी झालेली म्हातारी बसली होती. नव्वदीच्या पुढची असेल. बाई तिच्यापुढं बसल्या. काय विचारायचं हे त्यांनी वाटेत मला दोनदा म्हणून दाखवलं होतं, पण आता त्यांनी नुसता पदर सावरला. बांगड्या वाजल्या तेवढ्या. म्हातारीनं तो आवाज ऐकला आणि हात पुढं केला. तिनं बाईंचं मनगट चाचपलं, मग खांदा, मग गाल, मग हनुवटी. हनुवटीवर तिची बोटं बराच वेळ थांबली.

"नीलव्वा," ती म्हणाली. "यावाग बंदी?"

सून माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "नीलव्वा, कदी आलीस म्हनती. भन वाटली तिला. सांगू का, तुमी भन न्हाई म्हनून?"

बाईंनी तिला हातानं थांबवलं. म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, बहिऱ्यालाही ऐकू जावं असं, म्हणाल्या, "आत्ताच आलो, अक्का."